साहेबांच्या पुढे गेलेला चेंडू

विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी करणाऱ्या या गृहस्थांना सहकारी पाठीमागे 'ममराव' म्हणत. साहेबांनी मत मांडावे आणि यांनी 'मम' म्हणावे, असा बैठकीचा शिरस्ता होता. टोपणनाव क्रूर होते, पण चुकीचे नव्हते. स्वतःचे मत नसणे हा गुन्हा नव्हे. ते नसण्यालाच सौजन्य समजणे आणि त्या सौजन्याचे मोल बढतीच्या रूपाने मागणे, हा मात्र नैतिक आळसाचा प्रतिष्ठित प्रकार आहे.

विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. ती कोणाला द्यायची हे साहेबांच्या हाती होते, आणि साहेब गोल्फ खेळत. माणसाची पारख कामावरून न होता हिरवळीवर व्हावी, याची ममरावांना लाज वाटली नाही. उलट सोय वाटली. त्यांनी कोणाचे तरी वापरलेले क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, मिळवले आणि शिकवणी लावली.

प्रशिक्षक फटकळ होते. "क्लब वर नेता चोरासारखा आणि खाली आणता साप मारायला निघाल्यासारखा. ताकद राहू द्या, लय सांभाळा. वर जाताना सावकाश, खाली येताना झटकन, पण दोन्ही एकाच ओघात. मनातल्या मनात काहीतरी म्हणत जा. लांबलचक शब्द वर जाताना, तोकडा शब्द चेंडूवर."

"काय म्हणू?"

"ते मी कसं सांगू? तुमच्या तोंडात जे बसलंय ते."

ममराव घरी छत्री घेऊन सराव करू लागले. बायको कोपऱ्यात इस्त्री करत असे. आकडे म्हणून पाहिले, तर ते मोजण्यातच अडकत. आपल्या मुलींची नावे घेऊन पाहिली, तर उगाच घाई होई. एका संध्याकाळी मात्र त्यांच्या तोंडून आपसूक निघाले, "साहेब म्हणतील... तसं." 'साहेब म्हणतील' म्हणेपर्यंत छत्री संथपणे खांद्यामागे गेली आणि 'तसं' म्हणताच हवा कापत खाली आली. कुठे हिसका नाही, कुठे अडखळणे नाही.

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. "अहो, हे तर तुम्ही लग्नापासून म्हणताय. छत्री तेवढी नवीन."

ठरलेल्या सकाळी मैदानावर तिघे होते: साहेब, ममराव आणि त्याच खुर्चीवर डोळा ठेवून असलेले हिशेबनीस. त्या मंडळींत एक अलिखित नियम होता. पहिल्या फटक्यात कनिष्ठाचा चेंडू साहेबांच्या चेंडूच्या अलीकडेच थांबला पाहिजे. बरे खेळणारे मुद्दाम झुडपात मारत. मग साहेब त्यांना चार गोष्टी सांगत आणि सगळ्यांचीच सकाळ सत्कारणी लागे. ममरावांना या नियमाचा विचार कधी करावा लागला नव्हता. आजवरच्या खेळांत त्यांचे अज्ञानच तो इमानेइतबारे पाळत आले होते.

साहेबांनी चेंडू मारला. मग ममराव उभे राहिले, मनात ते वाक्य म्हणाले, आणि त्यांचा चेंडू साहेबांच्या चेंडूवरून पुढे जाऊन पडला.

"वारा आहे," साहेब म्हणाले.

"वाराच साहेब. माझं काही नाही त्यात."

पुढच्या वेळी मुद्दाम घाई करायची, असे ममरावांनी ठरवले. पण घाबरले की त्यांच्या मनात तेच एक वाक्य येई, आणि ते आले की लयही येई. चेंडू पुन्हा पुढे गेला. आयुष्यात प्रथमच त्यांचे शरीर एखादे काम निर्दोष करत होते आणि ते त्याबद्दल क्षमा मागत होते.

हिशेबनिसांनी आपला चेंडू तळ्यात घातला. "गेला बघा. साहेब, मनगटच चुकतंय ना माझं?"

साहेबांनी मायेने त्यांचे मनगट धरून वळवून दाखवले. मग ममरावांकडे न बघता ते म्हणाले, "आज आम्हीच तुमच्याकडून शिकावं म्हणतो."

ममरावांनी कंबर धरली. "लचक भरली साहेब. पाठ जुनीच दुखरी आहे माझी. आता नाही जमणार." उरलेला खेळ त्यांनी दोघांसाठी खळग्यातली झेंड्याची काठी धरून उभे राहण्यात घालवला आणि संकट टळले म्हणून निःश्वास सोडला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्यांना बोलावले. "तुमचंच नाव डोळ्यांसमोर होतं हो. पण त्या जागेवर फिरतीच फार. गोदामं चढायची, जळक्या मालातून हिंडायचं. तुमच्या पाठीला ते झेपायचं नाही. हिशेबनिसांना देतोय. वरच्या मंडळींनाही मी तुमच्या पाठीचंच कारण सांगितलंय."

साहेबांनी त्या दुखण्यावर विश्वास ठेवला होता की ते नुसते वापरले, हे कळायला मार्ग नाही. एक खरे वाक्य पुरले असते. ममराव म्हणाले, "आपण काळजी घेता साहेब, हेच खूप आहे."

घरी बायकोने ऐकून घेतले. "पाठ धडधाकट आहे म्हणायला काय जात होतं?"

"त्यांनी वर सांगून टाकलंय ना. आता त्यांना खोटं कसं पाडू?"

"मग?"

दुसऱ्या दिवशी ममराव कंपनीत कमरेवर हात ठेवून, किंचित वाकून चालू लागले. नव्या विभागप्रमुखांनी त्यांच्या खुर्चीसाठी एक उशी मागवून दिली. ममरावांनी उभे राहून त्यांचे आभार मानले आणि उठताना कण्हायलाही ते विसरले नाहीत.