पणजीच्या मागची घुं

गेल्या महिन्यात आमचा फ्रिज तीन दिवस बंद होता, आणि त्याला कारण तुमची पणजी होती. पणजीला जाऊन तेहेतीस वर्षं झाली, तेव्हा तिला दोष देणं बरं नाही. दोष कोणाचा, ते क्रमाने सांगते.

इराने आपल्या बाळाच्या बारशासाठी पणजीच्या आवाजातला पाळणा मागितला. (निखिल, तुझ्यासाठी: पाळणा ही वस्तूही असते आणि गाणंही. वस्तू तुझ्या इराताईने तिकडेच घेतली. गाणं तिकडच्या दुकानात नव्हतं.) हा पाळणा सासूबाईंनी तुमच्या आईच्या बारशाला स्वतः रचून म्हटला होता, आणि तो एका कॅसेटवर आहे. कॅसेट एकच. बारसं रविवारी, आणि मी ‘पाठवते’ असं कळवून बसले होते.

बुधवारी आजोबांच्या म्युझिक सिस्टिमवर कॅसेट लावली, स्पीकरसमोर स्टुलावर फोन ठेवला आणि पाळणा पाठवून दिला. इराचं लगेच उत्तर आलं, “आजी, पणजी मस्त गातेय. पण मागे पाण्याची मोटार कोणी चालू ठेवलीय?”

मी पुन्हा ऐकलं. सासूबाईंच्या मागे खरोखरच घुंऽऽ असा एकसुरी आवाज होता. आजोबांनी कॅसेट काढून उजेडात धरली. फीत एका जागी चुरगळली होती. “ही आता आणखी एकदा वाजेल,” ते म्हणाले, “फार तर दोनदा. घुं गेल्याशिवाय हिला हात लावायचा नाही.”

म्हणून चाचणीसाठी दुसरी कॅसेट काढली. ती शरीर शिथिल करण्याची होती. तिच्यात एक भारदस्त गृहस्थ “श्वास सावकाश आत घ्या” म्हणतात आणि मग बराच वेळ काही बोलत नाहीत. त्या शांततेत घुं छान ऐकू यायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं लावली आहेत. घरातल्या विजेच्या वस्तूंची यादी करायला मला अर्धा तास लागला. तेवीस वस्तू. वहीत रकाने आखले: क्रमांक, वस्तू, बंद केले, घुं आहे की नाही. गुरुवारी एकेक वस्तू बंद करत गेलो. फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाइट, इंटरनेटचा डबा, देव्हाऱ्यातली लुकलुकणारी माळ. प्रत्येक वेळी ते गृहस्थ श्वास घ्यायला सांगायचे, आणि आम्ही दोघं नकळत घ्यायचो. मधेच आजोबांनी मला जरा गप्प राहायला सांगितलं. मी काही बोलतच नव्हते, असं मी सांगितलं, आणि त्यांनी वाद घातला नाही. दुपारपर्यंत ते इतके शिथिल झाले की खुर्चीतच झोपले. घुं जागी होती.

घर निर्दोष ठरल्यावर शास्त्रशुद्ध निष्कर्ष एकच उरला: शेजार.

शेजारच्या शकुंतलम्मांकडे इडली-डोशाचं पीठ दळायचा ग्राइंडर आहे. तो दर शुक्रवारी सकाळी चालतो. (घुं चोवीस तास होती. ही विसंगती मी वहीत नोंदवली होती, पण तिच्यावर विचार केला नव्हता.) शुक्रवारी मी त्यांना ग्राइंडर थांबवायची विनंती करायला गेले. म्हैसूरला वीस वर्षं काढूनही माझं कन्नड भाजीच्या गाडीपलीकडे गेलेलं नाही. “तुमचा ग्राइंडर माझ्या सासूबाईंना त्रास देतो,” एवढंच मला सांगता आलं. शकुंतलम्मांना माझ्या सासूबाईंची परिस्थिती ठाऊक होती. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ग्राइंडर बंद केला. घुं होती तशीच राहिली. दर शुक्रवारी भिंतीवरून येणारा पिठाचा डबा मात्र आला नाही.

त्या दुपारी आजोबा बॅटरी घेऊन म्युझिक सिस्टिमच्या कपाटाच्या मागे शिरले, आणि घुं थांबली. ते बाहेर आले, घुं सुरू. पुन्हा आत गेले, थांबली. मी वहीत लिहिलं: ‘आजोबा मागे असल्यास घुं नाही.’

“म्हणजे मी मागेच उभा राहू?” आतून आवाज आला.

“पाळण्यापुरतं,” मी म्हणाले. “चार मिनिटं.”

आधी त्या गृहस्थांवर रंगीत तालीम घेतली. दुसऱ्याच मिनिटाला आजोबांना कपाटामागच्या धुळीने शिंक आली. एक नव्हे, सात. सासूबाईंची कॅसेट लावली नव्हती हे नशीब, नाहीतर बारशाला बाळाचं नाव सात वेळा ‘आक्छी’ ठेवलं गेलं असतं.

शनिवारी सकाळी समेट म्हणून मी शकुंतलम्मांना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं. त्यांनी वास घेतला, वाटी माझ्या हातात परत ठेवली आणि फ्रिज तपासायला सांगितलं. माझ्या वहीत ‘बंद केले’ हा रकाना होता. ‘पुन्हा चालू केले’ हा नव्हता.

मग आजोबांनी वही माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि नजरबाद भागातून मंजण्णांना बोलावलं. मंजण्णा चाळीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त करतात आणि फार बोलत नाहीत. त्यांनी यादी पाहिली नाही. कपाट पुढे ओढलं, आत डोकावले आणि विचारलं, “यारु हाकिद्दु ई जडे?”

मला वाटलं, वायरी जड आहेत म्हणतात. “नाही हो, हलक्याच आहेत,” मी म्हणाले.

मंजण्णांनी डोक्यामागून खांद्यावर हात फिरवत हवेत तीन पेड गुंफून दाखवले. जडे म्हणजे वेणी! ही वेणी कोणी घातली, असं ते विचारत होते.

वेणी मी घातली होती. महिन्यापूर्वी झाडताना कपाटामागे वायरींचा गुंता दिसला. मला गुंता बघवत नाही. सिस्टिमची विजेची वायर, टेपच्या आवाजाची वायर आणि देव्हाऱ्याच्या माळेची वायर, अशी मी घट्ट तिपेडी वेणी घालून खाली तुमच्या आईच्या शाळेतली लाल रिबीन बांधली होती. फूलसुद्धा. आजोबा बॅटरी घेऊन शिरायचे तेव्हा तीच वेणी उचलून धरायचे, पेड सैल व्हायचे आणि घुं थांबायची.

“अहो, तुम्ही ती पाहिली होतीत?”

“रोज पाहत होतो,” आजोबा म्हणाले. “मला वाटलं, तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार.”

मंजण्णांनी वेणी सोडली. विजेची वायर शेजारच्या वायरीत आपली बडबड सोडते, असं त्यांनी समजावलं. दोघींत हातभर अंतर हवं. अगदीच भेटायची वेळ आली, तर एकमेकींना आडवं ओलांडून निघून जायचं. सासूबरोबर राहायला गेले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नाही.

त्या गृहस्थांनी श्वास घ्यायला सांगितलं. त्यांच्या मागे पहिल्यांदाच काहीही नव्हतं.

मग सासूबाईंची कॅसेट लावली. मी खिडकी लावली, कुकर उतरवला, फोन स्टुलावर ठेवला. चार मिनिटं कोणी हललं नाही. शेवटचं कडवं संपलं आणि टप् असा आवाज होऊन फीत तुटली. मंजण्णांनी दोन टोकं उचलून पाहिली आणि मान हलवली. जे घेतलं होतं तेच आता शिल्लक होतं. ते मी पाठवून दिलं.

इराचं उत्तर आलं, “मोटार गेली! पण आजी, पणजीबरोबर दुसरं कोण गुणगुणतंय? थोडं बेसूर आहे.”

मी आजोबांकडे पाहिलं.

“पहिल्या कडव्यापासून,” ते म्हणाले. “तू नेहमीच गुणगुणतेस. तुला ऐकू येत नाही एवढंच.”

“मग थांबवलं का नाहीत?”

“कसं थांबवणार? तुम्ही दोघी एकाच वेळी एकच गोष्ट म्हणताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.”

रविवारी बारसं त्याच पाळण्यावर झालं. बाळ झोपलं म्हणे. पिठाचा डबा पुढच्या शुक्रवारी आला. वहीत आता ‘पुन्हा चालू केले’ हा रकाना आहे आणि चोविसाव्या क्रमांकावर मी माझं नाव लिहिलं आहे. ‘घुं आहे की नाही’ यापुढे ‘आहे’. ‘बंद केले’ हा रकाना आजोबांनी भरायचा होता. तो अजून रिकामा आहे.