‘ए’च्या जागी ‘ओ’

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अक्काताई मगदूम एकतीस वर्षं ओतीव यंत्रभागांची ड्रॉइंग काढत आल्या होत्या. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. हाताखालचा मृत्युंजय त्यांनीच नऊ वर्षं शिकवून तयार केला. डब्यातली एक भाकरी रोज त्याची असायची.

सोमवारी सकाळी एकही ड्रॉइंग उघडेना. कुणीतरी सगळ्या फायलींना कुलूप घातलं होतं आणि किल्लीसाठी पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी पडद्यावर ठेवली होती. कपाटातली बॅकअपची डिस्कही कोरी निघाली.

मृत्युंजय म्हणाला, “अक्का, मालकास्नी सांगा, पैसं देऊन मोकळं व्हा. दुसरा इलाज न्हाय.”

अक्काताई चिठ्ठी वाचत होत्या. ‘ड्रॉइंग’ हा शब्द तीनदा आला होता आणि तिन्हीदा ‘ए’च्या जागी ‘ओ’ होता. ही चूक त्यांनी नऊ वर्षं लाल पेनानं सुधारली होती. मेल्याला चोरी करतानाही स्पेलिंग जमलं नव्हतं.

“दुसरी डिस्क हाय की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दर शनिवारी नवी कॉपी करून डब्याच्या पिशवीतनं घरी नेते.”

तो पांढरा पडला. “मला कधी बोलला न्हाईसा.”

“न्हाई बोलले. तुझ्यापास्नं लपवती म्हणून माझी मलाच लाज वाटायची. इतकी वर्षं.”

त्यांनी चिठ्ठी छापून घेतली आणि लाल पेनासकट त्याच्यापुढं सरकवली.

“तीन जागी चुकलंय. नीट कर, मग मालकांकडं जाऊ.”