बोर्डासमोर चंपाबाई

चंपाबाईंना "कसं काय चाललंय?" असं विचारणाऱ्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर त्याच्या हातात पडलेलं असे. "बरं हाय कीऽ." पदर पुढे, मान किंचित डावीकडे, आणि तो शेवटचा 'की' असा ओढलेला, की त्याच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवायला जागाच राहू नये. नवरा गेला त्या महिन्यातही त्यांनी हेच सांगितलं होतं. वाऱ्यानं घरावरची कौलं गेली तेव्हाही. आणि थोरला जिनपाल कसा आहे असं कुणी विचारलं, तर तो 'की' आणखी वीतभर लांबायचा.

जिनपालचं बरं नव्हतं. बी.कॉम. करून तो निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर बसायचा. तंबाखूचा बोद, म्हणजे मोठा गठ्ठा, चढला की वजन लिहायचं, उतरला की पुढचा. तेविसाव्या वर्षी तो काटा त्याच्याशी बोलायला लागला. आधी काटा, मग वखारीची भिंत, मग घरची पाण्याची टाकी. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया असं सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि त्या कधीही थांबवू नका म्हणाले. चंपाबाईंनी गोळ्या थांबवल्या नाहीत. नाव मात्र त्या मिरजेतच ठेवून आल्या.

गावासाठी त्यांनी दुसरी नावं काढली. पहिली दोन वर्षं जिनपाल बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, म्हणून बाहेर दिसत नव्हता. ते निमित्त पुरेनासं झालं, तसा तो वखारीचं काम घरी बसून बघायला लागला. वखारच बंद पडली आणि ते गावाला कळलं, तेव्हा त्याला पित्त झालं. हे पित्त टिकलं. पंधरा वर्षं होत आली, तरी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला येणाऱ्या बायका विचारत, "चंपाक्का, जिनपालचं पित्त काय म्हणतंय?" मग कोण आवळा सांगे, कोण कोकम, कोण अनशापोटी कोमट पाणी. चंपाबाई सगळं मन लावून ऐकत आणि घरी येऊन त्यातलं काहीच करत नसत.

धाकट्या त्रिशलाला बघायला सदलग्याची माणसं आली तेव्हा जिनपाल मावशीकडे होता. म्हणजे त्याला नेऊन ठेवला होता. मुलीला कुठं बसवायचं, पाहुणे काय विचारतील, त्यातल्या कशाचं उत्तर द्यायचं आणि कशाला चहा पुढे करायचा, ह्या कलेत चंपाबाईंचा हात धरणारं चिकोडी तालुक्यात कुणी नव्हतं. लग्न झालं. सासरी कळायचं ते पुढे हळूहळू कळलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पण चंपाबाईंच्या अंगात ते पाहुण्यांपुढचं बोलणं मुरलं ते मुरलंच.

गेल्या वर्षी त्या मोरीत घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर होतं त्या महिन्याभरात जिनपालची अंघोळ पाच वेळा झाली, तीही त्रिशला सदलग्याहून आली तेव्हा. चंपाबाई खाटेवर पडून वयांची वजाबाकी करायच्या. आपण एकाहत्तर, हा त्रेचाळीस. पुढची पंचवीस-तीस वर्षं ह्याला कोण उठवणार, आणि कशाच्या जोरावर, हे काही त्या वजाबाकीत निघत नव्हतं.

तेव्हा घरी सौम्या आली. पंचायतीतर्फे अपंगांचं काम बघणारी, स्वतः लहानपणी पोलिओ झालेली, चार चाकांच्या स्कूटरवरून गावभर फिरणारी. माहेर गोकाककडचं, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन शब्दांमागे एक कानडी 'री' पेरलेला. तिनं समजावून सांगितलं, की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बोर्डानं तपासून कार्ड दिलं की जिनपालच्या नावावर पेन्शन चालू होते, आणि तुम्ही असा नाहीतर नसा री आक्का, ती त्याच्या खात्यात पडत राहते.

हे 'नसा' चंपाबाईंना पटलं. त्यांनी विचारलं, "कार्डावर लिवत्यात काय?"

"मानसिक आजार."

"पायाचं लिवत न्हाईत? पायाचं बी कार्ड असतंय की."

सौम्यानं आपल्या पायाच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग ओसरीवर सकाळपासून येरझाऱ्या घालणाऱ्या जिनपालकडे. "पाय माझा गेलाय री आक्का. जिनपालअण्णा तर दिवसभर चालत्यात."

अर्ज गेला, तारीख आली. बेळगावला जायच्या दिवशी चंपाबाईंनी जिनपालला तयार केला तो असा, की वाटेत दोघांनी कुणाचं लग्न आहे म्हणून विचारलं. भरमू न्हाव्याला घरी बोलावून गुळगुळीत दाढी, केसाला तेल, कपाळाला गंध, मावसभावाच्या लग्नात घातलेला पांढरा शर्ट. आठवडाभर त्याला पढवलंही होतं. नाव विचारलं तर पूर्ण नाव सांगायचं, वार विचारला तर वार, आणि साहेब असो की मॅडम, आधी नमस्कार.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खानापूरकडच्या. त्यांनी वार विचारला. जिनपालनं नमस्कार केला, वार सांगितला, आणि विचारली नव्हती ती तारीखही सांगितली. आवाज ऐकू येतात का म्हटल्यावर मात्र त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, आता न्हाय येत. तिथून पुढे सगळे प्रश्न चंपाबाईंनीच घेतले. अंघोळ करतो का? रोज. स्वतःहून? व्हय की. कामधंदा? घरचं सगळं तोच बघतोय. मित्र? सारखी चौकशी करत्यात. एवढं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मग तुम्ही आलात कशासाठी, असं विचारलं. चंपाबाई म्हणाल्या, कार्ड करायला.

पेन्शनला चाळीस टक्के अपंगत्व लागतं. कागदावर पंचवीस आले.

त्रिशला सदलग्याहून बरोबर आली होती. बसस्टँडवर तिच्यानं राहवलं नाही. "आई, तू काय स्थळ दाखवायला आलतीस का?"

"मग भर दवाखान्यात पोराची लाज काढू व्हय?"

"लाज न्हाय गं काढायची. खरं सांगायचं."

"तू सांग की मग."

"मी सदलग्यात असतो. तुझ्या घरात रोज काय हुतंय, मला काय ठावं?"

रोज काय होतं, हे जगात त्यांना एकटीलाच माहीत होतं. तसं माहीत राहावं अशीच त्यांनी सगळी मांडणी केली होती.

सौम्यानं फेरतपासणीचा अर्ज घातला आणि तालीम घ्यायला ओसरीवर येऊन बसली. डॉक्टरांचा आवाज काढून तिनं विचारलं, पेशंट अंघोळ करतात का. करतोय की, म्हणाल्या चंपाबाई. सौम्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. बरं, करत न्हाय. कधी करत नाही? तसं करतोय. तीन संध्याकाळी असं चाललं. चंपाबाई घरात एक बोलत, ओसरीवर दुसरं, आणि सौम्यानं आवाज बदलला की तिसरंच. शेवटी सौम्यानं प्रश्नच टाकून दिले. "बरं-वाईट तुम्ही सांगूच नका री. काल सकाळी उठल्यापासनं काय काय झालं, तेवढंच सांगा. बरं का वाईट ते त्या मॅडम बघतील."

हे चंपाबाईंना जमण्यासारखं वाटलं. काल काय झालं हे सांगण्यात कुणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या खेपेला जिनपालच्या दाढीवरून मायलेकींचं वाजलं. तडजोड अशी झाली की दाढी तशीच, पण शर्ट इस्त्रीचा. बोर्डाच्या हॉलबाहेर बाकावर जागा मिळाली, चंपाबाई टेकल्या, आणि शेजारून आवाज आला, "अगंबाई, चंपाक्का!"

राजाबाई. बस्तीच्या मागल्या बाजूला राहणाऱ्या, बोलायला पटाईत. त्यांचे यजमान तात्या कानानं बहिरे झालेले, त्यांच्या कार्डासाठी दोघं आली होती. तात्यांना जगातलं सगळं राजाबाईंकडूनच कळायचं, त्यामुळे राजाबाई प्रत्येक वाक्य दोनदा बोलत, एकदा माणसाला आणि एकदा तात्यांना, आणि दुसऱ्या वेळेला ते निम्म्या गावाला ऐकू जाई. आताही त्यांनी मान वळवून कळवलं, "चंपाक्का आल्यात! जिनपाल पण आलाय! पित्ताचं दाखवायला!"

बाकांवरच्या चार-पाच जणांनी वळून बघितलं. चंपाबाईंनी पदर पुढे ओढला. आतून नंबर पुकारला. राजाबाईंचा नंबर लागूनच होता, त्यामुळे त्यांनाही आत घेतलं आणि हिरव्या पडद्याच्या पलीकडे बसवलं. पडदा म्हणजे पडदाच. त्याच्या पलीकडची बांगडी वाजलेली अलीकडे ऐकू येत होती.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी जुना कागद बघितला आणि मागच्यापेक्षा वेगळं काही सांगायचं आहे का, असं विचारलं. चंपाबाईंची मान डावीकडे झुकलीसुद्धा. पडद्याखाली राजाबाईंच्या चपला दिसत होत्या. त्रिशला काही बोलणार, तेवढ्यात चंपाबाईच बोलल्या.

"कालचं सांगतो. साताला उठवलं, उठला न्हाय. नवाला उठला. दात घास म्हटलं, तर ब्रश घिऊन मोरीत तासभर नुसता उभा. मग मीच घासलं. अंघोळीला पाणी काढलं, तर टाकीतनं कोण बोलतंय म्हणून पाण्याला हात लावला न्हाय. शेजारनं दोन घागरी मागून आणल्या. गळती लागल्या टाकीला, असं शेजारणीला सांगितलं. त्या पाण्यानं अंग पुसून घितलं. समोर बसल्याबिगर जेवत न्हाय, म्हणून बसलो. दुपारी फाटकाजवळ उभा राहून रस्त्यानं जाणाऱ्यास्नी त्यांची वजनं सांगत हुता."

"सगळ्यांस्नी न्हाय," जिनपाल म्हणाला. "दोघंच हुती. त्यात एक म्हैस."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतलं. मग विचारलं, असं रोज होतं का.

चंपाबाईंनी जरा विचार केला. "काल त्यातल्या त्यात बरा दिवस हुता."

पडद्यापलीकडून तात्यांचा खणखणीत आवाज आला, "काय म्हणत्यात गं चंपाबाई?"

चंपाबाईंनी स्टुलाची कड धरली. राजाबाई-तात्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांतली निदान दहा राजाबाई तात्यांचे कान होत्या, आणि एकही वाक्य त्यांनी वाया जाऊ दिलं नव्हतं.

"काय न्हाय," राजाबाई म्हणाल्या. "तुमचा नंबर आला न्हाय अजून."

जिनपालला पंचावन्न टक्के दिले. डॉक्टरीणबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला तेव्हा तो म्हणाला, "बी.कॉम.ला एकावन्न हुते." त्रिशला तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली, आणि हसत होती की काय करत होती, ते रुमाल निघेपर्यंत कळलं नाही.

परतीच्या बसला गर्दी होती. जिनपाल आणि तात्या पुढे, त्रिशला मधे कुठंतरी, आणि चंपाबाईंच्या वाट्याला राजाबाईंच्या शेजारची जागा आली. हत्तरगीपर्यंत दोघी आपापल्या पिशव्या सांभाळत बसल्या. मग राजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आम्हाला ठावं हुतं, आक्का."

"कव्वापासनं?"

"वखार बंद पडायच्या आधीपासनं."

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांस्नी."

"मग मला आवळा कशाला सांगत हुतीस?"

"तुम्ही पित्त म्हणालासा. मग आम्ही काय सांगायचं?"

चंपाबाईंना राग आला. साधासुधा नाही, चांगला कानशिलं तापवणारा. वीस वर्षं त्यांनी एकटीनं ओढलेली ती एवढी मांडणी, आणि गावानं तिला हातसुद्धा न लावता, बाजूला उभं राहून, मान डोलावली होती. शेजारणीला सांगितलेली टाकीची गळतीही त्यांना आठवली. शेजारणीनं किती आपुलकीनं विचारलं होतं, प्लंबर मिळाला का म्हणून.

संकेश्वर येईपर्यंत त्या मनातल्या मनात एकेकीचा आवळा आणि कोकम मोजत राहिल्या. स्टँडवर बस थांबली, तात्यांनी खिडकीतून शेंगा घेतल्या, निम्म्या जिनपालला दिल्या, आणि जिनपालनं त्या हातावर तोलून बघितल्या. बस सुटली. चंपाबाई खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होत्या. बघता बघताच त्या म्हणाल्या, "परवा तर ह्यानं काय केलं म्हाईत हाय?"

राजाबाई जराशा जवळ सरकल्या. चंपाबाई परवाचं सांगायला लागल्या.