कुजबुजरावांचं स्टूल

पडदा उघडला की प्रेक्षकांना नट दिसतात, नेपथ्य दिसतं, फार तर पेटीवाला दिसतो. विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर कुणालाच दिसत नाही. आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरला आम्ही कुजबुजराव म्हणायचो. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. मी राणी झाले, विधवा झाले, खाष्ट सासू झाले. माझ्या प्रत्येक जन्मात हे गृहस्थ माझ्या डाव्या कानामागे बसलेले होते.

बायको गेल्यावर लेकीनं त्यांना परदेशी आपल्या घरी नेलं. त्यानंतर फोनवर दर वेळी एकच पालुपद असायचं, "बाईसाहेब, एकदा इकडे या हो." या वर्षी मात्र ते म्हणाले, "बाईसाहेब, आता याच. मला इथं स्टूल मिळालंय."

माझे गुडघे कुरकुरत होते. पण स्टूल म्हटल्यावर कुठले गुडघे!

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, आटोपशीर. स्वयंपाकघराची खिडकी थेट समोरच्या बेकरीवर उघडते. पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुजबुजराव टोपी चढवून दारात उभे. "चला, आमचा नायक दाखवतो."

नायक म्हणजे तो बेकरीवाला. दंड पैलवानाचे आणि भुवयांवर पीठ. गावातल्या हौशी मंडळींनी बसवलेल्या नाटकात म्हाताऱ्याचं मुख्य काम त्याच्याकडे होतं. काम झकास करायचा, पण पाठांतराच्या नावानं शंख. कुजबुजराव रोज पाव घ्यायला जायचे, पाव मागता मागताच भाषा शिकले. लेकीनं एकदा गप्पांत सांगितलं, बाबांनी जन्मभर प्रॉम्प्टिंग केलंय. झालं! दुकानदारानं काउंटरवरून हात पुढे करून यांना जवळजवळ उचललंच.

"मावशी, बाबा आता झोपेतसुद्धा यांच्याच भाषेत पुटपुटतात," लेक म्हणाली.

"म्हणजे झोपेत तरी व्याकरण बरोबर येतं," कुजबुजराव म्हणाले.

मी पर्समध्ये लोणच्याची बाटली घेऊनच घराबाहेर पडले होते. परक्या मुलखात जिभेचे हाल नकोत! पण भट्टीतून नुकताच निघालेला तो जाड पापुद्र्याचा पाव बेकरीवाल्यानं माझ्यासमोर हातानं मोडला, आणि कडकड असा आवाज झाला, अंकाच्या शेवटी टाळी पडावी तसा. दुपारी शेजारच्या छोट्या खाणावळीत मालकीणबाईंनी माशांचं पातळ कालवण वाढलं. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी आणि कसलासा हिरवा पाला. मी पाव बुडवला, घास घेतला, आणि पुढे मला काही बोलायची शुद्ध राहिली नाही. बाटली पर्समध्येच राहिली. मालकीणबाईंनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. मी हात जोडले, त्यांनी माझा गाल थोपटला. सत्तरी उलटल्यावर गाल कोण थोपटतं सांगा!

कुजबुजरावांच्या वाडग्यावर मात्र साय धरली होती.

"अहो, खाताय ना?"

"संध्याकाळी प्रयोग आहे, बाईसाहेब. पहिलाच." ते चमच्यानं कालवण ढवळत राहिले. "यात एक जागा आहे. म्हातारा घरी परत येतो. बायको गेलेली. तो तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहतो, बराच वेळ, आणि मग एकच वाक्य म्हणतो. गेल्या आठवड्यात तालमीत मला वाटलं, गडी विसरला. मी वाक्य दिलं. तो नुसता थांबला होता हो! त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या मयतीत शिट्टी मारली."

"रागावला?"

"रागावला असता तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी न बोलता पाव हातात ठेवला. रोज डोकं खाणारा माणूस!" त्यांनी पुन्हा चमचा फिरवला. "आपल्या भाषेत कुठं बोलायचं आणि कुठं गप्प बसायचं, दोन्ही कळायचं मला. यांच्या भाषेतलं बोलणं शिकलो, गप्प बसणं कुठून शिकू? आज चुकलो तर उद्या मीच स्टूल सोडणार."

"माझ्या वेळी कसं ओळखायचात?"

"श्वासावरून. थांबलेला माणूस श्वास घेत असतो. विसरलेला धरून ठेवतो."

"मग या बेकरीवाल्याचा श्वास काय यांच्या भाषेत चालतो?"

कुजबुजरावांनी माझ्याकडे पाहिलं. चमचा खाली ठेवला, मग उचलला, आणि गार झालेलं सगळं कालवण संपवलं.

नाटकाचं सभागृह साधंच, लोखंडी खुर्च्यांचं. बेकरीचं गिऱ्हाईक, खाणावळीच्या मालकीणबाई, लेकीचे शेजारी, सगळं गाव लोटलेलं. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. तिथून विंगेतल्या कुजबुजरावांच्या बुटाचं एक टोक दिसत होतं. तेवढं मला पुरे होतं.

संवादातलं अक्षर कळत नव्हतं, तरी नाटक कळत होतं. म्हातारा आला. टोपी काढली. खुर्चीसमोर उभा राहिला. सभागृहात कुणी खोकेना. वेळ जात होता. माझ्या शेजारी लेकीनं माझा हात धरला आणि पुटपुटली, "विसरले की काय?"

मी बेकरीवाल्याच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. वर, खाली. विसरला नव्हता. बुटाचं टोक हललं नाही. शाबास, मी मनात म्हटलं, गप्प बसा, असेच गप्प बसा!

आणि मग छाती वर गेली ती वरच राहिली. इतका वेळ त्या खुर्चीकडे बघण्यात बुडालेला माणूस आता खरंच वाट चुकला होता. त्याच क्षणी विंगेतून पानांची सळसळ व्हावी तसा ओळखीचा आवाज आला. बाकी कुणाला ऐकू आला नसेल. माझा डावा कान त्यावरच वाढलाय. बेकरीवाल्यानं श्वास सोडला आणि ते वाक्य म्हटलं. इतकं हळू, इतकं खरं, की मागे कुणीतरी नाक ओढलं. लेक रडत होती. अर्थ न कळता मीही.

शेवटी टाळ्या थांबेनात. बेकरीवाला विंगेत शिरला आणि कुणाला तरी हाताला धरून ओढू लागला. बुटाचं टोक मागे सरकलं. "प्रॉम्प्टर दिसला की नाटक पडलं," हे यांचं जुनंच तत्त्व! मग मी उठले. रंगभूमी सोडून किती वर्षं झाली, पण आवाज घरी ठेवून आले नव्हते. "वाहवा, कुजबुजराव!" अख्खं सभागृह माझ्याकडे वळलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण मालकीणबाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे सगळे. अभिमानानं माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचं हुक सांभाळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेकरीत गेलो. बेकरीवाल्यानं पाव दिला आणि मग बोलायला लागला तो थांबेचना. मागे रांग लागली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"पुढच्या नाटकाचं सांगतोय," कुजबुजराव म्हणाले. "म्हणतो, यात विराम फार आहेत, तुम्ही हवेतच." मग पाव माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "बाईसाहेब, काल एवढं ओरडायचं होतं का? प्रॉम्प्टर आहे मी."

"होतं," मी म्हटलं, आणि कालच्याच आवाजात म्हटलं. अख्खी रांग वळली.