पळीभर तूप

मी नागपूर सोडलं त्या दिवशी बाबा मला पोचवायला विमानतळावर आले आणि तिथल्या झाडून सगळ्या गोष्टींना 'आपलं' म्हणत सुटले. आपलं विमानतळ, आपला बंब, आपला गेटवरचा शिपाई. मी तिथल्याच अग्निशमन दलात नोकरी केलेली, म्हणजे त्यांच्या हिशेबानं सगळं आपलंच. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली होती आणि मी तिच्यामागून निघालो होतो. "आता आपलं लंडनलाही घर होणार," असं बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते. लेस्टर म्हणजे लंडन नव्हे, हे त्यांना समजावण्याचा नाद मी तिथंच सोडला.

तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, मी इथं लढाऊ विमानांच्या आगी विझवल्या. कसलं काय! आधी गोदामात खोकी उचलली. मग तासाभराच्या ड्राइव्हवरच्या एका लष्करी एअरफील्डवर सिव्हिलियन म्हणून लागलो आणि रखडत रखडत फायर ऑफिसर झालो. माझे निम्मे कॉल्स सैनिकांच्या क्वार्टर्समधल्या करपलेल्या टोस्टचे. पोरं स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालून खोलीत सिगरेटी ओढायची. मी कॅप उपटायचो, लेक्चर द्यायचो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. खरी आग बघायला मिळायची ती ड्रिलमध्ये. विमानाच्या लोखंडी सांगाड्यात रॉकेल ओतायचं, पेटवायचं, फोम मारून विझवायचं, की पुन्हा पेटवायचं. सरकारी पगारात रॉकेल जाळणं, दुसरं काय.

यथावकाश मॉर्गेज काढून घर घेतलं आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. बाबांनी आल्या आल्या वास्तुशांत काढली. मी म्हटलं, पूजा करा, नारळ वाढवा, पण होम नको. सेमी-डिटॅच्ड घर, भिंतीपलीकडे म्हातारी शेजारीण, खाली कार्पेट, अलार्म डोक्यावर. बागेत करू म्हटलं, तर बाबा म्हणाले, वास्तू आत आहे, बाहेर नाही. मग मी रिस्क असेसमेंट समजावायला गेलो आणि माझीच गाडी अडली, कारण हे मराठीत कसं सांगायचं तेच मला येईना.

त्यात दुर्बुद्धी सुचली आणि फॅमिली डेला मी त्यांना एअरफील्डवर घेऊन गेलो. त्यांनी ते ड्रिल पाहिलं. गाडीत परत येताना म्हणाले, "तिथं त्यांचं पिंपभर रॉकेल जाळतोस, आणि आपल्या घरात पळीभर तूप जाळायला भितोस?"

माझं डोकंच फिरलं. माझं काम माझ्या बापालाच कळत नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला काय सांगायचं?

पुढच्याच आठवड्यात डे शिफ्ट संपवून घरी आलो तर दारातच तुपाचा नि समिधांचा वास. बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून सामान आणलं होतं, ओळखीतून एक गुरुजी मिळवले होते, आई-बाबा जोडीनं बसले होते आणि वैशालीही त्यांना सामील. रांगोळी काढलेली, तोरण लावलेलं, आई प्रसादाची वाटी घेऊन पुढे आलेली. माझं लक्ष गेलं ते हॉलच्या छताकडे. अलार्मला शॉवर कॅप. खाली कार्पेटवर ठिणगीचा काळा डाग.

"माझ्या घरात? मला न विचारता?"

एवढंच बोललो. अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. ते रागावले नव्हते. त्यांनी आईच्या हातातली वाटी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझं घर."

त्यानंतर त्यांनी कधी 'आपलं' म्हटलं नाही. तुझा बॉयलर, तुझी बाग, तुझ्याकडची थंडी. नागपूरला परत गेल्यावर फोनवरही तेच. वैशाली म्हणते, एकदा माफी मागून टाक. कशाची मागू? अलार्म झाकायचा नसतो, आजही झाकायचा नसतो. मी बरोबर होतो, कार्पेटवर डागसुद्धा आहे. पण त्या बरोबर असण्याचं मी करू काय, हे कुणी सांगत नाही. चिडचिड होते ती याचीच. माझ्यासारखे जे निघून आलेत, त्यांना कळेल.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा तिथं एकटे. एक दिवस धीर करून फोनवर म्हटलं, "बाबा, आता पुरे झालं. आपल्या घरी या."

"कुठल्या?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळलं नव्हतं. एअरफील्डवर रेडिओवरून कुणी लोकेशन विचारलं की मी श्वास न घेता सांगत असे. त्या दिवशी नुसता फोन धरून उभा राहिलो, आणि पलीकडे बाबा हॅलो हॅलो करत राहिले.