दादानं विचारलेला शब्द

दादा गेल्याचा फोन प्रमोदनं केला, तेव्हा मी शाळेत सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. प्रमोद म्हणजे दादाचा मुलगा. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाला. सकाळी बागेत पाण्याची मोटार सुरू करायला गेले आणि तिथंच छातीवर हात ठेवून बसले, असं नंतर कळलं. मी "बरं" म्हणाले. बरं... आणि हातातला पेपर शेवटपर्यंत तपासला, गुणांची बेरीज केली, मग उठले. त्याला आता सहा आठवडे होतील. अजून मला एका जागी बसवत नाही. कुकर लावते आणि विसरते, कडी लावली का ते पाहायला अर्ध्या जिन्यातून परत येते. इथल्या, नागपूरच्या प्रताप नगरातल्या शेजारणी म्हणतात, भावाचं दुःख आहे, वेळ लागेल. दुःख आहेच. पण नुसत्या दुःखानं माणूस असा घरभर फिरत नाही.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. एसटीत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावी संत्र्याच्या बागेत रमला. इंग्रजीनं त्याला मॅट्रिकला दोनदा पाडलं आणि मी त्याच विषयाची शिक्षिका झाले, याचं त्याला फार कौतुक. मी नागपूरला कॉलेजात होते तेव्हा त्याची ड्युटी इकडं लागली की मला स्टँडवर बोलवायचा, ड्रायव्हरच्या खिडकीतून आईनं दिलेला डबा खाली द्यायचा आणि विचारायचा, "शिकून राहिली ना?" मी हो म्हटलं की गाडी मागे घ्यायचा. आमचं बोलणं एवढंच असे, पण कधी तुटलं नाही. तुटलं ते तीन वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणात.

आई दादाकडे राहायची. तिला दम लागू लागला तेव्हा मीच हट्टानं तिला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. दादा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. अकराव्या दिवशी आईनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मले घरी ने वं नलू. आपल्या आंगणात पडू दे." मी म्हटलं, डॉक्टर दोन दिवसांत सोडतील. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. दादा रोज फोनवर विचारायचा, आई काय म्हणते? मी सांगायचे, काही नाही, आराम आहे. एकोणिसाव्या दिवशी आई तिथंच गेली. तेरवीला, सगळे पाहुणे जेवायला बसत असताना, दादा माझ्यावर ओरडला, "माझ्या आईले तू घरापासून तोडलं. मरताना तिले आपलं छप्परही दिसलं नाही." तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तुझ्याकडे ठेवली असती तर आठ दिवसांत गेली असती," आणि पिशवी उचलून निघाले. त्यानंतर तीन भाऊबीजा कोऱ्या गेल्या.

यंदा संक्रांतीनंतर एका दुपारी तो अचानक दारात उभा. हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. सोफ्याच्या अगदी कडेला बसला, जणू लगेच उठायचं आहे. पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाला, "नलू, एक इंग्रजी इचारायचं होतं." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ग्रो अप. प्रमोदची मुलगी ओवी तिसरीत आहे. कॅरम खेळताना दादा हरला आणि रुसून त्यानं सोंगट्या उधळल्या, तर ती म्हणाली, "आबा, ग्रो अप." घरचे सगळे हसले. "ती म्हणे, मोठा हो. म्या म्हटलं, एकसष्ट वर्षांचा झालो, आता किती मोठा होऊ? तूच सांग."

मी सांगितलं, शाळेत सांगते तसंच. दोन शब्दांचं मिळून क्रियापद, फ्रेजल व्हर्ब म्हणतात. वयानं मोठं होणं हा एक अर्थ. मोठा माणूस पोरासारखा वागला तर त्याला म्हणतात, तेव्हा अर्थ होतो, पोरकटपणा सोड, समजदारीनं वाग. तो मान हलवत ऐकत होता.

"दुसऱ्यालेच म्हणतेत का? आपलं आपल्याले म्हणता येते?"

"व्याकरणानं येतं."

"अन् करायचं काय असते नेमकं?"

मी हसले. "दादा, ते काय इंजिन आहे का, उघडून दाखवायला?"

तो हसला नाही. चष्मा काढून शर्टाला पुसला. "नलू... आईच्या वेळेस मी तुले जे बोललो..." मी उठलेच. "जाऊ दे ना दादा. झालं ते झालं. चहा थंडा होऊन राहिला." त्यानं कपाकडे पाहिलं, "हो, खरंच," म्हणाला आणि चहा प्यायला. चारची गाडी होती. फाटकाशी "येतो वं" म्हणाला. दार लावताना मला किती हलकं वाटलं होतं... तीन वर्षांची गाठ एका कपात सुटली, आणि मला काहीच सांगावं लागलं नाही. आता बोचतं ते हेच हलकं वाटणं.

दादाच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, गावच्या घरी, मी वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या. आईनं घरी ने म्हटलं होतं, मी नेलं नाही, दादापासून लपवलं. वहिनींचा हात थांबला नाही.

"त्यायले ठाऊक होतं, नलूबाई."

मला कळेना. त्या खाली पाहूनच बोलत राहिल्या. "आईनं दवाखान्यातल्या आयाबाईच्या फोनवरून यायले फोन केला होता. मले घेऊन जाय बापा, म्हणे. यायनं सांगितलं, नलू शिकलेली आहे, तिले समजते, तू तिथंच राय. फोन ठेवला अन् गोठ्यात जाऊन बसले. तेरवीले तुमच्यावर ओरडले ना, ते सोतावरच होतं. तेच सांगाले गेले होते तुमच्याकडं. परत आले त मी इचारलं, सांगितलं का? म्हणे, चहा पिऊन आलो."

मी उठून बाहेर पडले. कुठं जायचं ठरवलं नव्हतं, चालत बागेत गेले. तो नुसती ओरडल्याची माफी मागायला आला नव्हता, आपलं सांगायला आला होता. आईला नाही म्हणणारे आम्ही दोघं होतो, आणि तीन वर्षं एकमेकांकडे पाठ करून तेच एक वाक्य सांभाळत बसलो होतो. त्या दुपारी तो निम्म्या वाक्यापर्यंत पोचलाही होता.

विहिरीजवळ मोटारीची खोली आहे, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. दार ढकललं. आतल्या भिंतीवर खडूनं ओळीच ओळी लिहिल्या होत्या. पाणी सुरू असेपर्यंत तो इथं बसून शब्द पाठ करायचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गेट अप, उठणं. कम इन, आत येणं. पुट ऑन, घालणं. इंग्रजी अक्षरं तिरपी, मराठी मात्र ठसठशीत. शेवटून दुसऱ्या ओळीत ग्रो अप होतं. त्यापुढं मी सांगितलेला अर्थ आधी लिहून पुसलेला दिसत होता, आणि त्यावर नवा लिहिला होता, आपण आधी बोलणं.

माझ्यामागून ओवी आली होती. तिनं बोट ठेवून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आत्याआजी, आबानं चुकीचं लिवलं ना? तू तं टीचर आहे, सांग ना."

मी खिडकीतला खडू हातात घेतला, परत ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."