सोवळ्यातली टोपी

माझ्या डोक्यावरचे केस गेले तेव्हा अकोल्यातल्या प्रत्येक माणसाकडे त्यावर औषध होतं. चाई म्हणतात याला. आधी कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत ठिपका पडला, मग त्याला भावंडं झाली, आणि दिवाळीपर्यंत डोकं लख्ख झालं. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सुचवला. तो चोळून केस आले नाहीत, पण मी जाईन तिथे भज्यांची तयारी चालली असावी असा वास यायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, शरीरच आपल्या केसांवर उलटतं असं काहीसं समजावलं आणि जिवाला धोका नाही म्हणाले. मी त्यांची फी देऊन घरी आले.

मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. म्हणजे रोज ऐंशी डोळ्यांसमोर उभं राहायचं. म्हणून नागपूरहून विग आणला. तो दिसायचा बरा, पण त्याच्याखाली डोकं इडलीसारखं शिजायचं. एकदा पार्किंगमध्ये हेल्मेट काढलं, तर विगही त्याच्यासोबत निघून आला. समोर अकरावीची पोरं उभी होती. ती हसली नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मग काही दिवस ओढणी गुंडाळली. रस्त्यावर ते खपून जातं, आमच्याकडे उन्हात निम्मं गाव तोंड बांधूनच फिरतं. पण वर्गात तोंड बांधून पेशीविभाजन शिकवायला लागले की मी बँक लुटायला आल्यासारखी दिसायचे.

एका रात्री मोबाईलवर कुठल्याशा परदेशी बाईचा फोटो दिसला. बाई माझ्याहून म्हातारी, डोक्यावर गडद तपकिरी फेल्टची हॅट, आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणाच्या बापाचं काही देणं लागत नाही. मला हॅट आवडली आणि तो भाव त्याहून जास्त आवडला. दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. दुकानदारानं आधी माकडटोपी काढली, मग गांधीटोपी, आणि शेवटी स्नेहसंमेलनात पोरं घालतात ती दोरीवाली पुठ्ठ्याची हॅट.

"कोनासाठी पायजे मॅडम?"

"माझ्यासाठी."

त्यानं पुठ्ठ्याची हॅट हळूच मागे घेतली. "फेल्टची इथं कोन घालते? उन्हात डोक्शाचं भरीत होऊन जाईन तुमच्या."

शेवटी ऑनलाइन मागवली. माप घ्यायला मात्र अजिबात त्रास झाला नाही. केस असलेल्या लोकांना म्हणे टेप कुठे लावायची हा प्रश्न पडतो. माझं डोकं म्हणजे भोपळा, टेप घसरून बरोबर जिथे बसायची तिथेच बसली.

हॅट आली ती गोल खोक्यातून, पातळ कागदात गुंडाळून. सशाच्या केसांचं फेल्ट हाताला इतकं मऊ लागलं की मी बराच वेळ ती घातलीच नाही, नुसती गोंजारत बसले. सोबत निगा राखण्याचं एक पत्रक होतं. टोपी शेंड्याला चिमटीत धरून उचलू नये, तिथे चीर पडते. कडेला दोन्ही हातांनी धरावी. मऊ ब्रशनं केसांच्या वळणानं झाडावी. काठावर उभी न ठेवता शेंड्यावर उलटी ठेवावी. पोचा पडला तर वाफ दाखवावी. थंड, कोरड्या जागी ठेवावी. पत्रक लिहिणारा एप्रिलात अकोल्याला आलेला नसावा. आमच्याकडे जागा थंड असते किंवा कोरडी असते. थंड हवी तर कूलर लावायचा, आणि कूलरसमोर दोन तास ठेवल्यावर टोपीची कड शिळ्या पुरीसारखी लोंबायला लागली. मग मी भाताच्या कुकरची वाफ दाखवून ती पुन्हा वळवली. त्या दिवशी टोपीला बासमतीचा वास होता. कांद्यापेक्षा बरा.

आई आणि मी दोघीच फ्लॅटमध्ये राहतो. वडील भिक्षुकी करायचे. ते गेले, पण त्यांचं सोवळं आईनं स्वतःकडे ठेवून घेतलं. टोपी टेबलावर उलटी पाहून ती म्हणाली, "वाडगा मांडून बसली का?" त्यापलीकडे तिनं टोपीत लक्ष घातलं नाही. कॉलेजात पोरांनी मला 'गुंड मॅडम' म्हणायला सुरुवात केली. पूर्वी 'बिचाऱ्या मॅडम' म्हणत होते, त्यामानानं ही बढतीच होती. मी पुन्हा वर्गाकडे पाठ न करता शिकवू लागले.

अशात अमरावतीला माझ्या भावाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून भावजय तिच्या माहेरी, तिथेच अमरावतीत. बारसंही तिथेच ठरलं. बारशाला बाकी कुणीही काहीही करो, बाळाच्या कानात नाव सांगायचा हक्क आत्याचा. लग्न मी केलं नाही, पोरं नाहीत. घरच्या कार्यात 'ताईला बोलवा, तिच्याशिवाय अडलंय' असं म्हणायची वेळ कुणावर कधी आलेली नव्हती. आता ती आली होती. बाळ जन्मलं त्या दिवसापासून मी त्या एका क्षणाची वाट पाहत होते, हे कबूल करायला मला लाजही वाटत नाही.

बारशाच्या आदल्या आठवड्यात भावाचा फोन आला. तो हवापाण्यावर बोलायला लागला तेव्हाच मला कळलं की काहीतरी शिजलंय. शेवटी म्हणाला, "ताई, सासूबाई असं म्हणून राहिल्या होत्या की तुला उगाच त्रास नको. आपली एक चुलतबहीण आहे न, नात्यानं तीही आत्याच. तिनं नाव सांगितलं तर चालेल का? तू ये न, बस आरामात."

"मला काय त्रास आहे?"

"त्रास म्हणजे... बायका विचारत बसतात."

बायका विचारणार नव्हत्या. बायका बघणार होत्या. आमच्या घरांतून तुळतुळीत डोक्याची बाई एके काळी एकाच कारणानं दिसायची, आणि ती पाळण्याच्या आसपास फिरकत नसे. तो काळ सरला म्हणतात. विहीणबाईंच्या डोळ्यांतून तो सरलेला नव्हता. मी भावाला सांगितलं, "तुझ्या सासूबाईंना सांग, आत्या एकच आहे आणि ती टोपी घालून येऊन राहिली आहे." मी फोन ठेवला. राग होता, आणि त्याखाली भीती होती, की तिथे गेल्यावर खरंच कुणी मला हाताला धरून खुर्चीत नेऊन बसवेल.

आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं टोपी उचलली. शेंड्याला चिमटीत धरूनच, पण मी गप्प बसले.

"कशाची आहे ही?"

"सशाच्या केसांची."

आता ती टोपीसकट मला गॅलरीत काढणार, असं वाटलं. पण ती विचारात पडली.

"केसांची न? कातड्याची नाही?"

"केसांचीच. दाबून दाबून करतात."

"मग धाबळीच झाली की. लोकर सोवळ्याला चालते." ससा स्वतःहून पार्लरला जाऊन आला नव्हता, हे मी सांगायला गेले नाही. आईनं टोपी उलटी केली, आत बोट फिरवलं आणि थांबली. "आणि हे काय?"

आत कपाळाला लागते ती चामड्याची पट्टी होती. घाम तीच पिते आणि टोपी डोक्यावर तीच धरून ठेवते, असं पत्रकात लिहिलं होतं.

"चामडं आहे," मी म्हणाले.

"चामडं डोक्यावर घेऊन पाळण्याशी जायचं नाही."

मग मात्र माझा तोल गेला. तू पण त्यांच्यातलीच, म्हणाले. तुम्हाला माझं डोकंही नको आणि टोपीही नको, मग मी धड तेवढं घेऊन येऊ का बारशाला, असंही म्हणाले. मी खोलीचं दार आपटून झोपले, म्हणजे पडून राहिले. अमरावतीला जायचंच नाही असं तेव्हा माझं ठरलं होतं.

सकाळी बाहेर आले तर आई खिडकीशी बसली होती. नाकावर चष्मा, हातात ब्लेड, मांडीत टोपी. चामड्याची पट्टी टाका टाका उसवून तिनं बाजूला ठेवली होती, आणि तिच्या जागी लालसर रेशमाची पट्टी शिवत होती. ते रेशीम मी ओळखलं. वडील पूजेला नेसायचे तो मुकटा. ते गेल्यापासून तिनं तो ट्रंकेतून काढला नव्हता, मला हातही लावू दिला नव्हता. आता त्याचा काठ कापलेला होता आणि बाकीचा शेजारी घडी करून ठेवला होता.

"रेशीमही सोवळ्याला चालते," ती टाक्यावरची नजर न हलवता म्हणाली. "आता कोणी म्हणून दाखवावं."

मी चहा ठेवायला आत गेले आणि गॅस पेटवायचं विसरून तिथेच उभी राहिले.

अमरावतीला विहीणबाईंनी आमचं स्वागत गोड केलं. त्यांची नजर टोपीवर गेली, पण आईनं त्यांना आधीच गाठलं होतं आणि लोकर, रेशीम, धाबळी, मुकटा असा शास्त्रार्थ सुरू केला होता. भिक्षुकाच्या बायकोशी सोवळ्यावर वाद घालायची कुणाची छाती होणार? चुलत आत्या नवी पैठणी नेसून आली होती, ती बिचारी बर्फीच्या ताटाकडे सरकली. मी पाळण्याशी जाऊन उभी राहिले.

बाळ जागं होतं. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. आता आमच्याकडची रीत अशी की आत्यानं कुर्र केलं की भोवतालच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. ही रीत मला ठाऊक होती, आईलाही ठाऊक होती. पण चामड्याची पट्टी काढली की टोपी अर्ध्या बोटानं सैल होते आणि गुळगुळीत डोक्यावर गुळगुळीत रेशीम कशालाच धरत नाही, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. कुणीतरी उत्साहात पहिला गुद्दा घातला आणि टोपी सुटली. ती पाळण्यात बाळाच्या पायांवर जाऊन पडली.

पाळणा म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. मी वाकलेलीच होते आणि माझं डोकं सगळ्यांच्या बरोबर समोर होतं. टोपी हाताच्या अंतरावर होती. माझा एक हात बाळाच्या डोक्याखाली होता आणि दुसरा टोपीकडे निघाला होता. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, घरी भाजी चिरताना असतो तसाच.

"थांबली काहून? नाव सांगायचं राहिलं न पोरीचं."

मी हात मागे घेतला. तो बाळाच्या कानाभोवती धरला, म्हणजे बाकी कुणाला ऐकू जायला नको, आणि तिला तिचं नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरही फारसं काही नव्हतं.

मग पाठीत गुद्दा बसला. मान वळवून पाहिलं तर विहीणबाई होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण हात चांगलाच जड होता, आणि त्यांनी लगेच दुसराही घातला. बायकांनी पाळणा पुन्हा म्हणायला घेतला. टोपी उचलायला कुणालाच सुचलं नाही, आणि मी बर्फी वाटायला तशीच निघाले.